रुग्णाचे नाव

डॉक्टर मॅटिलांनी फॉर्म पुढे सरकवला.
'रुग्णाचे नाव' या ओळीवर
वेल्मा कोस्केलाने लिहिलं: पाइन स्ट्रीट बोलिंग, बारा लेन.
वय: एकोणसाठ. बर्फाने छप्पर पडलं
आणि नवं घातलं, तेव्हापासून धरलं तर.
वजन?
डॉक्टर म्हणाले, ते राहू दे.
ॲलर्जी कशाची, इथे तिने बराच वेळ पेन धरलं,
मग नुसती रेघ ओढली.

इमारतीच्या नावाने औषध लिहून देता येतं
हे त्या वर्षी नवीन होतं.
त्याआधी औषधाला माणूस लागायचा,
त्याचं आडनाव, जन्मतारीख, विम्याचा नंबर.
जो अजून दारातून आत आलेलाच नाही
त्याच्यासाठी काही लिहिता येत नसे.

तो आला तेव्हा मी बुटांच्या काउंटरवर होते,
सतरा वर्षांची.
बर्फातले बूट घ्यायचे, बोलिंगचे द्यायचे,
परत आले की आत फवारा मारायचा.
इसाक. चार नंबर. डाव्या नाडीला घट्ट गाठ,
ती मी दातांनी सोडवली.
केकमध्ये अक्रोड नव्हता, सगळ्यांनी विचारून घेतलं होतं.
अक्रोड सुरीला होता.

त्याचं स्वतःचं इंजेक्शन घरी,
दुसऱ्या कोटाच्या खिशात.
औषधांचं दुकान रस्त्यापलीकडे, साठ पावलांवर,
सहाला बंद. आत दिवा चालू,
काचेतून कपाट दिसत होतं.
ॲम्ब्युलन्स पुलापलीकडून निघाली होती
आणि सुपीरियर सरोवरावरून बर्फ आडवा येत होता.
भिंतीवर हृदयाचं यंत्र होतं, लाल पेटीत.
आम्ही तेही लावलं.
यंत्र शांत आवाजात म्हणालं:
झटका देण्याची गरज नाही.
सातव्या लेनवर कुणी तरी टाकलेला बॉल
जमिनीखालून गडगडत परत येत होता.

त्याचे बूट माझ्याकडेच राहिले.
खाली पाण्याचं डबकं झालं, ते वाळलं,
रस्त्यावरच्या मिठाची पांढरी कड उरली.

वेल्मा नऊ तास गाडी चालवून राजधानीला गेली.
तिला तीन मिनिटं मिळाली,
समोर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे.
एका सदस्याने विचारलं,
लहान धंद्यांवर हा भार नाही का?
ती म्हणाली, माझा लहानच धंदा आहे.
दुसऱ्याने विचारलं, चुकीच्या माणसाला टोचलं गेलं तर?
ती म्हणाली, तर तो मला शिव्या घालेल.
घालू दे, म्हणायच्या आत दिवा लाल झाला.

कायदा झाला.
पहिल्या मसुद्यात 'ठेवावे' होतं,
शेवटच्यात 'ठेवता येईल'.
बाकी कलमं जशीच्या तशी.
वेल्माने तो कागद बारजवळ चिकटवला
आणि त्या एका शब्दाखाली लिपस्टिकने रेघ मारली.
आमच्या रस्त्यावर पिझ्झावाला आहे,
लूथरन चर्चचा हॉल आहे, स्नोमोबिलचं गॅरेज आहे.
येईल, येईल म्हणतात.
अजून कुणाला ठेवता आलेलं नाही.

आता चाव्या माझ्याकडे आहेत.
पेटीला मात्र कुलूप नाही, हा वेल्माचा नियम:
कुलपाला किल्ली लागते,
आणि किल्ली नेहमी दुसऱ्या कोटात असते.

दर ऑक्टोबरला जुन्या इंजेक्शनांची मुदत संपते
आणि नवी पोरं संत्र्यांवर सराव करतात.
निळी टोपी काढ, नारिंगी टोक दाब,
तीन मोज, हात हलवू नकोस.
नंतर ती संत्री कुणी खात नाही.

यंदा एका पोराने विचारलं,
हे नेमकं कुणाचं औषध आहे?
मी फॉर्म काढून दाखवला.
वाचून तो हसला. वजनाच्या रिकाम्या चौकटीशी थांबला.
मग घंटी वाजली, काउंटरवर कुणी तरी आलं होतं,
आणि तो ओले बूट घ्यायला वळला.